पूल नसलेलं पाणी

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला हॉलंडची तळी आठवतात. मी हॉलंडला कधी गेलेलो नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी करताना मला पहिल्यांदा शिकवलं गेलं ते हे की, न पाहिलेल्या जागेचं वर्णन करू नये. करायचंच झालं तर ते कोणाकडून ऐकलं, हे आधी सांगावं. म्हणून आधी तेच सांगतो. ही तळी मला हेंक नावाच्या एका डच इंजिनियरने दाखवली, कतारमध्ये, दोहा शहराच्या अल हिलाल वस्तीत, आमच्या आणि त्याच्या घराला मिळून असलेल्या अंगणात. त्या अंगणात तेव्हा गवताचं पातंही नव्हतं.

तागाचा तो वास कसा असतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला हवं का? उन्हाने करपलेल्या धाग्यावर पाणी पडलं की आधी धूळ बोलते, मग गोणीत पूर्वी भरलेलं धान्य बोलतं आणि शेवटी एक थंड, गोडसर दमटपणा वर येतो. कोणाला त्याने किराणा दुकान आठवेल, कोणाला माठाखालची तिवई. मला त्या वासामागे दूरवर लव्हाळी दिसतात, त्यांच्यावरून सरकणारं तांबूस शीड दिसतं आणि ढगांनी भरलेलं इतकं मोठं आभाळ दिसतं, की खालची जमीन म्हणजे त्याचा नुसता काठ वाटावा. न पाहिलेल्या गावाची ओढ लागू शकते का? लागते. आणि ती पाहिलेल्या गावाच्या ओढीपेक्षा चिवट असते, कारण तिला प्रत्यक्षाची झीज लागत नाही.

सत्तरचं दशक संपून ऐंशीचं सुरू झालं होतं. मी दोह्यातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. शहर तेव्हा अजून स्वतःला शोधत होतं. जिथे काल समुद्र होता तिथे आज भराव असे, आणि भरावावर उद्या काय येणार याची पाटी परवा बदललेली असे. समुद्राच्या तळाची वाळू उपसून किनाऱ्याला नवी जमीन जोडण्याचं ते काम करणाऱ्या कंपनीत हेंक होता. पन्नाशीचा, उंच, उन्हाने कायमचा लाल झालेला. आम्ही शेजारी होतो. दोन बैठ्या घरांच्या मध्ये ते एकच अंगण होतं. माझी पत्नी सुनंदा लग्नानंतर नुकतीच नाशिकहून आली होती. हेंकची पत्नी ग्रीत मात्र दोन हिवाळे काढून हॉलंडला परत गेली होती आणि यायला तयार नव्हती.

भांडण नव्हतं. हेंकने ते एकदा चहा पिताना सरळ सांगितलं. ग्रीत तळ्याकाठी वाढलेली. तिथे तिच्या वडिलांची होडी होती; दर रविवारी, दर सुट्टीत ते कुटुंब पाण्यावर असे. इथे तिने दोन वर्षं प्रयत्न केला. मग एके सकाळी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि म्हणाली, “इथे बघण्यासारखं ओलं काहीच नाही.” समुद्र आहे की, असं हेंक म्हणाला. त्यावर ती म्हणाली, “समुद्र कोणाचाच नसतो. तळं आपलं असतं.”

म्हणून हेंकने ती होडीच आणली. वडील वारल्यावर ती ग्रीतकडे आली होती आणि एका छपरीत पडून होती. कंपनीचे लोखंडी नळ घेऊन एक जहाज दोह्याला येणार होतं. त्याच्या डेकवर ती बांधून आली. ग्रीतने होकार दिला, पण अटीवर. हेंकने ती अट आम्हाला शब्दशः सांगितली: डिसेंबरात येईन, होडी पाण्यावर बघेन, मग राहायचं की नाही ते ठरवीन. म्हणजे हेंकचा संसार आता त्या ओकच्या फळ्यांवर तरंगणार होता किंवा नव्हता.

मार्चमध्ये ती मालमोटारीतून अंगणात उतरली आणि दोन लाकडी घोड्यांवर ठेवली गेली. उतरवून घ्यायला हेंकच्या कार्यशाळेतला सुतार बाबल आला होता. बाबल मालवणकडचा, एकटा राहणारा. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे मासे घेऊन येई आणि सुनंदाला ते कसे करायचे याच्या सूचना देत दारात बसे. त्याने होडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळावर हात मारला.

“वयनी, बघा तरी! ही होडी की परात? आमच्या बंदरात असली घेऊन गेलंय तर तांडेल इचारतलो, नारळाची करटी हाडलंस काय? आणि हिका कान कित्याक?”

त्याचा दोष नव्हता. ती खरोखरच नारळाच्या अर्ध्या करवंटीसारखी होती. आखूड, गोल पोटाची, बूड जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराची एकेक मोठी फळी टांगलेली. हेंकने समजावलं. हॉलंडची तळी उथळ. खोल बुडाची होडी तिथे चिखलात रुतून बसेल. म्हणून बूड सपाट. पण सपाट बुडाची होडी वाऱ्याने बाजूला घसरते. म्हणून जिकडे घसरते तिकडची फळी पाण्यात सोडायची. बदकाने एक पंख पाण्यात बुडवून अंग सावरावं तशी. सुकाणूच्या टोकाला कोरलेला एक छोटा सिंह होता, त्याच्या आयाळीवरचा सोनेरी रंग बराचसा उडालेला. सुनंदाने त्याला पाहताक्षणी आतून कुंकू आणलं आणि त्याच्या कपाळाला लावलं. हेंकने विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, “नवीन माणूस घरात आलं की लावतात.”

शीड उलगडलं तेव्हा तांबडं-तपकिरी निघालं. पूर्वी ही शिडं सालींच्या अर्कात उकळत, नाहीतर पूर्वेकडून येणाऱ्या कातात, म्हणजे कुजत नाहीत, असं हेंक म्हणाला. सुनंदाचा चेहरा उजळला. “म्हणजे आपला विड्यातला कात? अहो, ऐकलंत का, यांची होडी पान खाऊन बसलीये!” बाबलने मान डोलावली; त्याच्या वडिलांनीही मासेमारीची जाळी अशीच कातात रंगवली होती. त्या क्षणी ती परात आमची झाली.

नंतरच्या संध्याकाळी हेंक होडीच्या कठड्याला टेकून बोलत असे आणि मी ऐकत असे. बातमीदाराची सवय म्हणून उलटसुलट प्रश्न विचारी. तळी कुठून आली? नद्यांतून? नाही, हेंक म्हणाला, आम्ही खणली. शेकडो वर्षांपूर्वी तिथली जमीन म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, भिजका थर होता. लोकांनी तो कापला, वाळवला आणि चुलीत जाळला. शहरंच्या शहरं त्यावर ऊब घेत राहिली. खणलेल्या जागी पाणी भरलं, मधले बांध वाऱ्याने खाल्ले, आणि एके दिवशी तिथे क्षितिजापर्यंत तळं झालं. आधी त्या पाण्यावर माल वाहणाऱ्या होड्या चालल्या; आता रस्ते झाले, माल गेला, आणि त्याच होड्या लोक सुट्टीत मजेसाठी फिरवतात. वार्निश लावतात, पितळ घासतात, जुन्या घाटाच्या नव्याही बांधतात.

मी ज्या गावात बसून हे ऐकत होतो, तेही जमिनीतून जळण काढूनच उभं राहत होतं. इथलं जळण संपल्यावर रिकाम्या जागेत काय भरेल? माणसाने पोटासाठी उकरलेल्या खड्ड्यावर त्याच्या नातवंडांनी शिडं उभारून हसत हिंडावं, हे भाग्य प्रत्येक भूमीला मिळतं का? कचेरीत असतो तर अशा वाक्यावर मी स्वतःच लाल रेघ मारली असती. पण अंगणात कोणी संपादक नव्हता.

आणि मग पूल. तळ्यांना जोडणारे कालवे आणि कालव्यांवर बुटके पूल. होडी पुलाखालून जायची तर डोलकाठी आडवी करावी लागते. तिच्या बुडाला शिसं भरलेलं असतं, त्यामुळे एका माणसाच्या हाताने ती पाळण्यासारखी खाली येते आणि तशीच वर जाते. ग्रीतच्या घरी हे काम तिचं होतं. ती आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. आणि तिच्या वडिलांचा एक नियम होता. डोलकाठी खाली आली की होडीतल्या सगळ्यांनी मान खाली घालायची. पूल कितीही उंच असो, डोकं लागणार नसलं तरीही. पुलाखाली कोणी बोलायचं नाही. पलीकडचा उजेड अंगावर आला की ग्रीतने सांगायचं, “गेला.” मग माना वर, मग डोलकाठी वर, मग पुन्हा गप्पा.

“कशासाठी?” मी विचारलं.

“मीही विचारलं होतं,” हेंक म्हणाला. “म्हातारा म्हणाला, वरून लोक चालत जातात. त्यांच्या पायाखालून जाताना मान खाली असावी.”

तेव्हापासून मला ते तळं दिसू लागलं. कचेरीत तारेवरून आलेला मजकूर कापता कापता मध्येच पुलाखालची सावली अंगावरून जाई.

पण दोह्याचं ऊन ओकच्या फळ्यांना ठाऊक नव्हतं. मे महिन्यात पहिली फट दिसली. जूनमध्ये बाबलने तिच्यात पातं घातलं तर ते आरपार गेलं. होडी म्हणजे पाण्याने फुगून एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या फळ्या. पाणी तुटलं की त्या परक्या होतात. आणि आतापासून खाडीत सोडून ठेवावी, तर खाऱ्या कोमट पाण्यातले किडे ओक पोखरून टाकतील, असं हेंक म्हणाला. हेंकने तिला सावली केली, बाबलने बाजारातून तांदळाची रिकामी गोणपाटं आणली, ती होडीच्या आतबाहेर पसरली आणि सकाळ-संध्याकाळ भिजवायला सुरुवात झाली. “एक उन्हाळा निघाला पाहिजे,” हेंक म्हणे. “नाहीतर खलास.”

जुलैत त्याची वार्षिक रजा आली. तो ग्रीतकडे जाणार होता. तिच्या येण्याचं नक्की करायला गेलंच पाहिजे होतं. जाण्यापूर्वी त्याने नळाकडे पाहिलं, गोणपाटांकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. कसं मागावं ते त्याला सुचेना. मीच म्हटलं, “मी आहे.”

त्याच आठवड्यात सुनंदाही नाशिकला निघाली. उन्हाळ्यात आमच्यातल्या बहुतेकांच्या बायका गावी जात. बॅग भरताना तिने खिडकीतून होडीकडे पाहत विचारलं, “काय हो, त्यांनी बायकोने राहावं म्हणून होडी आणली. मी राहावं म्हणून तुम्ही काय आणलंत?”

“काय आणू?”

“गोदावरी आणा,” ती म्हणाली आणि बॅगेचं कुलूप लावलं. हसत म्हणाली, पण हसून बोललेलं सगळंच थट्टेचं नसतं, हे मला विमानतळावरून एकट्याने परतताना कळलं.

तो उन्हाळा मी त्या होडीबरोबर काढला. आमच्या वस्तीत पाणी टँकरने येई आणि ऐन गरमीत टँकर चुके. टाकी तळाला गेली की मी तांदूळ धुतलेलं पाणी राखून ठेवू लागलो, मग कपडे खळबळून काढलेलं. तेवढ्याने काय होणार? गोणपाट तासाभरात पापडासारखं कडक होई. ऑगस्टमध्ये हवा अशी दमट झाली की सकाळी दार उघडताच चष्म्यावर वाफ धरे. सगळीकडे पाणीच पाणी, फक्त हातात येत नव्हतं. एका शुक्रवारी बाबल आला, ओट्यावर बसला आणि आमच्या खिडकीतल्या एसीकडे बघत राहिला. एसीच्या मागून टपटप पाणी गळत होतं आणि भिंतीवर शेवाळी रंगाचा ओघळ उतरला होता.

“भाऊ, ह्या पाणी फुकट जाता मा?”

“जातं.”

“मग होडयेक घालूया! यल्ला, उठा.”

त्याने कुठूनशी रबरी नळी पैदा केली. आमचे दोन एसी आणि हेंकच्या बंद घरातले दोन, असे चारही सुरू करून त्यांच्या नळ्या त्याने होडीवर आणून सोडल्या. हवेतलं पाणी थेंबाथेंबाने गोणपाटांवर पडू लागलं. दिवसरात्र, न चुकता. ते समुद्राचं पाणी होतं, पण मीठ मागे ठेवून आलेलं. म्हणजे एका अर्थी तळ्याचंच. बाबलने दोन्ही हात कमरेवर ठेवून ते पाहिलं. “हेंक सायबाक सांगा, तुमची होडी एसीत झोपता. आमी पत्र्याखाली.”

फटी मिटू लागल्या. मी रोज संध्याकाळी कचेरीला जाण्यापूर्वी गोणपाट उचलून बोट फिरवी. आधी नख जाई, मग नखाचं टोक, मग काहीच नाही. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एक अघटित दिसलं. होडीखालच्या वाळूत काहीतरी हिरवं होतं. वाकून पाहिलं तर गवत. कुठलं बी होतं कोण जाणे. गोणपाटातून आलं असेल, वाऱ्याने आलं असेल, नाहीतर वर्षानुवर्षं तिथेच पाण्याची वाट बघत पडलं असेल. थेंब जिथे जिथे गळत होते तिथे तिथे ते उगवत गेलं; आणि महिन्याभरात होडीच्या खाली, नेमकी तिच्याच आकाराची, एक हिरवी होडी तयार झाली. पुढची नाळ, मागची बाजू, गोल पोट, सगळं. मी कोणाला सांगितलं नाही. सुनंदाला दाखवायची होती.

ऑक्टोबरात ती आली; हेंक तिच्याही आधी परतला होता. तो होडीच्या बुडावर हात फिरवत इतका वेळ उभा राहिला की मी आत निघून गेलो. सुनंदाने सामान दारातच ठेवलं आणि अंगणात गेली. चप्पल काढली. त्या गवतावर पाऊल ठेवलं आणि उभी राहिली. गोदावरी काही मी आणली नव्हती. पण त्या दिवसापासून सकाळची नळी ती सांभाळू लागली.

डिसेंबरमध्ये ग्रीत आली. बुटकी, मजबूत, पिकल्या केसांची. तिचे हात हेंकच्या हातांपेक्षा खडबडीत होते. तिने पहिल्यांदा होडीला पाहिलं नाही, सिंहाला पाहिलं. त्याच्या कपाळावरचं कुंकू पुसट झालं होतं. “हे काय?” तिने विचारलं. सुनंदाने तेच उत्तर दिलं. ग्रीतने सुनंदाचा हात घट्ट दाबला आणि मग ती होडीत चढली. फळीवर पालथी पडून तिने नाक लाकडाला लावलं. हेंक श्वास रोखून उभा. “तांदळाचा वास येतोय,” ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. तिच्या हसण्याने बाबलही हसला, आणि मला वाटलं, जमलं.

शुक्रवारी सकाळी होडी खाडीत हाकायची होती. फळ्या फुगाव्यात म्हणून आदल्या दिवशीच कंपनीच्या क्रेनने तिला उथळ पाण्यात सोडून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा हेंक होडीत, बुडाशी हात घालून बसला होता. हात बाहेर काढून त्याने आम्हाला दाखवला. कोरडा. आम्ही पाचही जण चढलो. वारा उत्तरेचा, हलका. ऊन असं की त्यात बसावंसं वाटे. पाण्याचा रंग किनाऱ्याशी दुधी, मग पोपटी, मग निळा. आमच्या शेजारून मासेमारीची एक उंच लाकडी नाव गेली. तिच्यावरच्या खलाशांनी आमची परात पाहिली आणि एकजण काही ओरडला. बाबलने हात हलवून अरबीत आभार मानले, “शुक्रन, शुक्रन!” खलाशी काय म्हणाला होता ते बाबललाही कळलं नव्हतं.

ग्रीत सुकाणूवर होती. वयाची वर्षं तिच्यावरून उतरत जाताना दिसत होती. ती वाऱ्याकडे न बघता त्याला ओळखत होती. एक फळी वर, दुसरी खाली, दोर सैल, दोर ताठ. हेंक तिच्याकडेच बघत होता. मीही सुनंदाकडे एकदा पाहिलं. तिने पदर कमरेला खोचला होता आणि हात पाण्यात सोडला होता. त्या अर्ध्या तासात कोणाला काही कमी होतं असं मला वाटत नाही. सुखाची बातमी होत नाही. सुख असताना लिहायला कोणी मोकळा नसतो.

किनारा बराच मागे पडल्यावर ग्रीतने सुकाणू हेंककडे दिलं. ती पुढे गेली. शीड उतरवलं, गुंडाळलं. मला वाटलं, वारा पडला म्हणून. मग तिने डोलकाठीच्या बुडाशी असलेला दोर सोडला, आणि डोलकाठी सावकाश, आवाज न करता, आमच्या डोक्यांवरून मागे झुकत खाली आली आणि आडवी झाली.

समोर काहीही नव्हतं. पाणी आणि आभाळ.

ग्रीतने मान खाली घातली. हेंकने घातली. मग मी, मग सुनंदा. बाबलला हेंकने नियम सांगितला होता की नाही, मला माहीत नाही. पण आम्हाला पाहून तोही वाकला. होडी आपल्या वेगाने सरकत राहिली. बुडाखाली पाण्याची कुजबुज होती. माझ्या डोळ्यांपुढे ओकची फळी होती, तिच्या मिटलेल्या फटीत तांदळाचा एक दाणा अडकून राहिला होता. आणि मी खरं सांगतो, मला मानेवर सावली जाणवली. दगडाचा गारवा, वरून कोणाचीतरी पावलं. किती वेळ गेला असेल? ग्रीतने “गेला” म्हणायचं होतं. ती म्हणत नव्हती.

शेवटी बाबलने वाकूनच, दबक्या आवाजात विचारलं, “गेलो काय पूल?”

मला हसू आलं. मी मान वर केली आणि हसू तिथेच थांबलं. ग्रीत अजून वाकलेली होती. तिचे खांदे हलत होते. हेंकने सुकाणू सोडलं नाही. सोडता आलं नसतं. सुनंदा उठली, डुलत्या होडीत तोल सावरत पुढे गेली आणि तिच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळाने ग्रीत तिला म्हणाली, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, “डोळे मिटले होते तोवर पूल होता. मी उघडायला घाबरत होते. हे मला रोज नाही जमायचं.”

मग तिने डोळे पुसले आणि डोलकाठी स्वतःच्या हाताने वर केली. परतीच्या वाटेवर तिने एकही चूक केली नाही.

ती राहिली नाही. कोणी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. हेंकने तर नाहीच. जानेवारीत ती गेली आणि फेब्रुवारीत होडी. आणखी एक उन्हाळा तिच्या अंगावर घालायचा नाही, असं हेंक म्हणाला आणि स्वतः उभं राहून, तिच्या अंगाला गोणपाटं गुंडाळून, तिला बांधून दिलं. जहाज नळ घेऊन आलं होतं, परत जाताना रिकामं होतं. संध्याकाळी तो अंगणात आला. जिथे होडी उभी असे तिथे आता फक्त हिरवी होडी होती. त्याने खुर्ची आणली, त्या गवताच्या मधोमध, जिथे डोलकाठी असायची तिथे ठेवली आणि बसला. आम्ही दोघं दारातून पाहत होतो. सुनंदा आत गेली, दोन कप चहा घेऊन आली आणि एक त्याच्या हातात देऊन स्वतः त्याच्या समोर, गवताच्या काठाच्या आत, खाली बसली. काठ ओलांडताना तिने पाय जरा उचलला. होडीत चढताना उचलतात तसा.

त्या वर्षी जून आला तेव्हा मी तिकिटाचं विचारलं. ती नळीचं तोंड गवतावर नीट करत होती. “मी नाही जात यंदा,” ती म्हणाली. “याला पाणी कोण घालणार?”

“मी घालीन की.”

“तुम्ही घातलंत गेल्या वर्षी. आता माझी पाळी.”

तो उन्हाळा आम्ही दोघांनी दोह्यात काढला. हेंकचं काम शरदात संपलं आणि तोही गेला. जाताना घराची किल्ली दिली, म्हणाला, एसी चालू ठेवायला नवीन भाडेकरूला सांगा. नवीन भाडेकरूने अंगणात फरशी घातली. आम्हीही पुढे नाशिकला परतलो. ग्रीत आणि हेंक पुन्हा एकत्र तळ्यावर गेले असतील. त्यांचं घर पाण्यालगत होतं. तसं असेल असं मी धरून चालतो. खात्री करून घेतलेली नाही. कचेरीत असं चाललं नसतं.

आता आमच्या गच्चीवर सुनंदाच्या कुंड्या आहेत. उन्हाळ्यात ती त्यांच्यावर गोणपाट टाकते आणि दुपार कलली की त्यावर पाणी शिंपडते. तो वास जिन्यातून खाली माझ्या टेबलापर्यंत येतो. आधी धूळ, मग तांदूळ, मग तो थंड दमटपणा. लव्हाळी हलतात. तांबूस शीड उतरतं, डोलकाठी सावकाश मागे झुकते आणि माझी मान आपोआप खाली जाते. मी कशासाठी झुरतो, हे मला नेमकं सांगता येत नाही. कधी न पाहिलेल्या तळ्यासाठी? की त्या तळ्यासाठी झुरणाऱ्या माणसांच्या शेजारी बसलो होतो, त्या खाऱ्या पाण्यावरच्या सकाळीसाठी? ग्रीतला तिकडे तिचे पूल सापडले असतील. माझा पूल मात्र दोह्याच्या खाडीत आहे, जिथे तो कधीच नव्हता.

सुनंदा रिकामी झारी घेऊन जिना उतरते, मला असा वाकलेला पाहते आणि न थांबता विचारते, “गेला का?”

“अजून नाही,” मी म्हणतो.

ती झारी खाली ठेवते. माझ्या शेजारी येऊन उभी राहते, आणि मान खाली घालते.